दहा फुटांचा बोळ

१

नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात त्याला सगळे गुण्या म्हणायचे. गुण्या म्हणजे गवंड्याचं काटकोनी हत्यार. भिंतीचा कोपरा जरा कुठे वाकडा गेला की ते लगेच चहाडी करतं. हा माणूसही तसाच होता. गेली एकवीस वर्षं तो कुंपणं, भिंती आणि झुडपांच्या रांगा मोजत शहरभर हिंडत होता. रस्त्याकडची भिंत चार फुटांच्या वर नको. बाजूची आणि मागची सहा फुटांपर्यंत चालेल. वळणावरची झुडपं तीन फुटांच्या आत, नाहीतर गाडीवाल्याला समोरचं दिसत नाही. राहतं घर आणि गोदाम यांच्यामध्ये भरीव भिंतच हवी, जाळी चालायची नाही, आणि त्या भिंतीपासून घरापर्यंत दहा फूट मोकळे सोडायचे. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. लोकांच्या शिव्याही तोंडपाठ होत्या. कुंपण हा विषयच असा की तिथे कोणी गोड बोलत नाही. दोन घरांमधला वर्षानुवर्षांचा जाळ त्या एका रेघेवर येऊन बसलेला असतो, आणि हा त्या रेघेवर फीत धरून उभा.

त्या सकाळी त्याच्या टेबलासमोर बाई येऊन उभ्या राहिल्या. बाई म्हणजे निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका; अर्ध्या शहराने त्यांच्या छड्या खाल्ल्या होत्या. त्यांचं आणि शेजारच्या गोदामवाल्याचं अकरा वर्षांचं हाडवैर होतं. बाई तक्रारीत लिहायच्या की ट्रकच्या आवाजाने घरात बोललेलं ऐकू येत नाही. गोदामवाला लिहायचा की बाईंच्या कोपऱ्यावरच्या झुडपांमुळे ट्रकवाल्यांना वळण दिसत नाही. मागच्या वर्षी त्याच तक्रारीवरून गुण्याने ती झुडपं गुडघ्याएवढी छाटून घेतली होती. ती बाईंच्या आईने लावलेली होती. तेव्हापासून बाई त्याच्याकडे बघायच्या ते चपलेला काही लागलंय का बघावं तसं.

आज त्यांची तक्रार एका ओळीची होती. गोदामाची भिंत त्यांच्या घराच्या जवळ आली आहे.

गुण्याने कागद वाचला, परत वाचला. भिंतीला पाय फुटत नाहीत, वय झालं की डोळे फसवतात, असं काहीतरी तो शक्य तितक्या सभ्यपणे बोलला.

"माझं डोकं ठिकाणावर आहे," बाई म्हणाल्या. "तुमची फीत ठिकाणावर असेल तर या."

२

घर साधं, बैठं, रस्त्याला लागून. एका अंगाला गोदामाची सहा फुटी भिंत, आणि घर नि भिंत यांच्यामध्ये दहा फूट रुंदीचा बोळ. बोळाच्या तोंडाशी दोन झडपांचं लोखंडी फाटक होतं, एका बाजूने घराला आणि दुसऱ्या बाजूने भिंतीला अडकवलेलं. बोळात एकच खिडकी उघडायची, आणि त्या खिडकीत बाईंची धाकटी बहीण बसलेली असायची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिचं सगळं जग ती खिडकी, तो बोळ आणि ती भिंत एवढंच उरलं होतं.

गुण्याने फीत लावली. खिडकीखालच्या जोत्यापासून भिंतीपर्यंत नऊ फूट अकरा इंच भरले.

एक इंच म्हणजे काही नव्हे. गिलावा जाड बसला असेल, नाहीतर बांधतानाच चूक झाली असेल. त्याने तसं सांगितलं. खिडकीतून धाकटी बोलली. आवाज बारीक होता, पण स्पष्ट.

"ट्रक ऐकू येत नाहीत हल्ली."

गुण्या म्हणाला, मग चांगलंच झालं की, त्याचीच तर तुमची तक्रार होती.

"येतात रोज," धाकटी म्हणाली. "मला फाटकातून जाताना दिसतात. पण आत गेले की आवाज येत नाही. ट्रकवरचे हमाल तोंड उघडून ओरडतात, तेही दिसतं. लांब गेल्यासारखं वाटतं सगळं. भिंत जवळ आलीये आणि ते लांब गेलेत."

गुण्याने कान दिला. गोदामात पोती उतरत होती. येताना त्याने स्वतः बघितलं होतं, दोन ट्रक उभे होते आणि माणसं एकमेकांच्या आयाबहिणी काढत होती. इथे बोळात मात्र शांतता होती. कान दुखतात तेव्हा त्यात कापूस घालावा, तशी. भिंतीवर त्याने तळवा ठेवला. उन्हाची वेळ होती, तरी भिंत थंड होती.

वहीत त्याने नऊ फूट अकरा इंच लिहिलं आणि पुढे कंसात 'गिलावा' असा शेरा मारला.

३

पलीकडून मोजायचं म्हणून तो गोदामात गेला. गोदामवाला खुर्चीतून उठलाही नाही. त्या म्हातारीला आता भिंत चावायला लागली का, असं त्याने विचारलं, आणि हमाल हसले. गुण्याने मोजलं. शेडपासून भिंतीपर्यंत वीस फूट, नकाशात होते तेवढेच. भिंतीची जाडी नऊ इंच, तीही नकाशाप्रमाणे. सगळं बरोबर होतं, आणि त्यामुळेच त्याला बरं वाटेना.

आठ दिवसांनी बाईंचा निरोप आला म्हणून तो परत गेला. या वेळी बोळ नऊ फूट दोन इंच भरला.

त्याने कापडी फीत ठेवून पोलादी काढली. तीन वेळा मोजलं. मग बोळाच्या तोंडाशी आला, तर तिथे दहा फूट. फाटक लावून बघितलं. दोन्ही झडपा चपखल बसल्या, कडीही लागली. आता भिंत तिरकी गेली असणार, दुसरं काय! त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणली. सुतळी आणि भिंत यांच्यात बोटभरही फट नव्हती. घराच्या भिंतीलाही सुतळी लावली, तीही सरळ. दोन सरळ भिंती, काटकोनात बसलेलं फाटक, तोंडाशी दहा फूट आणि आत नऊ फूट दोन इंच.

गणिताच्या बाई दारात उभं राहून त्याच्याकडे बघत होत्या. उत्तर चुकलेलं दिसतंय पण पोराला ते कळलंय का, हे बघणारी नजर होती ती.

"मीही पाच वेळा केलं," त्या म्हणाल्या. "येत नाही."

घरी जाताना गुण्याच्या मनाने एक वाट शोधली आणि तो तिला घट्ट धरून बसला. गोदामवाला लबाड आहे. तो भिंतीला विटांचे थर चढवतोय, बाईंच्या बाजूने, त्या झोपल्यावर किंवा बाजारात गेल्यावर. म्हणून जागा कमी होते, म्हणून आवाज अडतो, म्हणून भिंत थंड. सुतळीचं आणि फाटकाचं काय, हा प्रश्न उरत होता. तो त्याने बाजूला ठेवला. माणूस झोपायच्या आधी एखादा प्रश्न बाजूला ठेवतो, तसा.

४

त्याने गोदामवाल्याला नोटीस काढली, आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांनी त्याला आत बोलावलं. गोदामवाला आधीच तिथे येऊन बसला होता. साहेबांनी गुण्याचीच वही त्याच्यासमोर उघडी ठेवली. वीस फूट तुम्हीच लिहिलेत. नऊ इंचही तुमचेच. मग या माणसाने अतिक्रमण केलं कुठे? हवेत?

गुण्याने बोळातला आकडा सांगितला. साहेब म्हणाले, तो आकडा बाकीच्या आकड्यांशी जुळत नाही, म्हणजे तो चुकीचा आहे. शाळकरी पोरालाही कळेल. त्यांनी कागद पुढे सरकवला. बोळाच्या रकान्यात दहा लिहायचे आणि सही करायची.

एकवीस वर्षांत गुण्याने खोटा आकडा लिहिला नव्हता. लोकांनी पाया पडून सांगितलं, धमक्या दिल्या, एकदा त्याच्या अंगावर कुत्रं सोडलं, तरी नाही. पण त्या दिवशी त्याला आत कुठेतरी बरं वाटलं, हे त्याने नंतर बायकोजवळ कबूल केलं. कोणीतरी वरच्याने सांगितलं होतं की दहाच आहेत. त्याने दहा लिहिले. सही केली. गोदामवाल्याने जाता जाता त्याच्या खांद्यावर थोपटलं, बैलाला थोपटावं तसं.

नंतर पाच आठवडे तो त्या रस्त्याने गेला नाही. सहाव्या आठवड्यात बाई परत कचेरीत आल्या. या वेळी कागद आणला नव्हता. त्या खुर्चीत बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की बोळ चार फूट उरलाय. खिडकी पूर्ण उघडत नाही. धाकटी खिडकीपासून हलायला तयार नाही. म्हणते, मी लक्ष ठेवलं नाही तर अजून भरभर येईल.

"तुम्ही दहा लिहिलंत," बाई म्हणाल्या. "तुम्ही माझ्या वर्गात असतात तर बाहेर काढलं असतं."

गुण्याने मान खाली घातली. मग उठला आणि ओळखीच्या गवंड्याला फोन लावला.

५

भर दुपारी ते तिघं बोळात उभे होते. गुण्या, गवंडी आणि बाई. खरं तर धड वळायलाही जागा नव्हती. गवंडी हातोडा मागे न्यायला गेला की कोपर घराच्या भिंतीला आपटायचं. गोदामवाल्याने भिंत फोडायला हसत परवानगी दिली होती. फोडा, नऊ इंच तर आहेत, मी पलीकडे उभा राहून तुमचं तोंड बघतो, आणि मग ती तुम्हीच बांधून द्या, असं तो म्हणाला होता. गुण्याच्या डोक्यात अजून तीच वाट होती. थर निघतील, नवं सिमेंट दिसेल, लबाडी उघडी पडेल.

गवंड्याने पहिली वीट काढली. तिच्यामागे वीट होती. ती काढली, तिच्यामागेही वीट. नवीन नव्हत्या. गवंडी एकेक वीट हातात घेऊन बघायचा आणि काही न बोलता खाली ठेवायचा. चुना आहे यात, एवढंच एकदा पुटपुटला. असला चुना आता कोणी वापरत नाही. त्याचा हात कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. एवढ्यात गुण्याचा फोन वाजला. पलीकडून गोदामवाला विचारत होता, काम सुरू करणार की जेवायला बसलात, इकडे तर ठक्कसुद्धा ऐकू येत नाही.

गुण्याने फोन ठेवला. तेवढ्यात गवंड्याच्या छिन्नीखालची वीट इकडे न येता आत गेली. ती पडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला, पण लगेच नाही. थोडा वेळ गेल्यावर.

त्या भोकातून वारा आला. बंद कपाट उघडल्यावर येतो तसा, थंड आणि जुना. गवंड्याने मोबाईलचा दिवा आत धरला. उजेड हातभर गेला आणि तिथेच विरला. गवंडी दोन पावलं मागे सरकला; मागे सरकायला तेवढीच जागा होती.

आता गुण्याने जे केलं ते सवयीने केलं. कुठलीही पोकळी दिसली की तो फीत घालायचा, विचार नंतर करायचा. पोलादी फितीचं टोक त्याने भोकात सोडलं आणि तो ती पुढे ढकलत राहिला. तीन फूट. सहा फूट. दहा फूट. पोलादी पातं लांब गेलं की स्वतःच्या वजनाने वाकतं, आणि ते वाकून आत कुठेतरी जमिनीवर खरडत होतं. तो आवाज येत होता. चौदा फूट. पंधरा.

मग खरडणं थांबलं.

फीत उचलली गेली. गुण्याला ते हातात कळलं. झोळ गेला आणि पातं कमरेएवढ्या उंचीवर सरळ झालं. कोणी ओढली नाही, झटका दिला नाही. मोजणीला दुसरा माणूस असला की तो टोक धरतो, जागेवर दाबतो आणि दोनदा हलकेच हिसका देतो. धरलंय, वाच, असा त्याचा अर्थ. तसे दोन हिसके आले.

गुण्या नंतर म्हणायचा, मी घाबरलो नव्हतो, घाबरायला वेळ कुठे होता. एकवीस वर्षांत दोन हिसके आले की तोंड आपोआप उघडायचं. त्याने पात्यावर नजर टाकली आणि मोठ्याने वाचलं.

"सोळा फूट चार इंच."

बोळात चिडीचूप झालं. बाईंनी तोंडावर हात धरला होता. आणि त्या शांततेत भोकाच्या आतून एक आवाज आला, अगदी बारीक, कोणालाही ओळखता येईल असा. कागदावर पेन्सिल चालल्याचा. थोडी चालली, थांबली, परत थोडी चालली. आत कोणीतरी आकडा लिहून घेतला होता.

मग फीत सुटली आणि सळसळत डबीत परत आली. गुण्याने भोकात बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं. दिव्याचा उजेड विरला होता त्याच्या बऱ्याच पलीकडे, अंधारातही दिसेल असा एक हात होता, मनगटापर्यंतच. चुन्याने पांढरा झालेला. अंगठा आणि पहिलं बोट अजून चिमटीत होती, नुकतंच काहीतरी सोडल्यासारखी. मग ती चिमटी सावकाश मिटली आणि हात मागे गेला. घाई नव्हती त्याला.

गवंडी तोपर्यंत फाटकाबाहेर पोचला होता.

६

बाई धीराच्या. त्यांनी त्याच दुपारी भाचीला गाडी घेऊन बोलावलं. धाकटीला खुर्चीसकट उचलून बाहेर काढायला गुण्याने हात लावला. ती विरोध करेल असं वाटलं होतं, पण तिने मुकाट उचलू दिलं. गाडीत बसवताना तिने त्याची बाही धरली. खिडकीतून तिने सगळं ऐकलं होतं.

"आकडा कशाला सांगितलात त्यांना?" ती म्हणाली. "इतके दिवस ते अंदाजाने येत होते."

बाईंनी घराची किल्ली त्याच्या हातात ठेवली. विश्वासाने नव्हे; उद्या येऊन बघा आणि या वेळी खरं लिहा, असं बजावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर तो गेला. फाटक उघडलं, आणि फाटकाच्या मागे बोळ नव्हता. झडपांना लागून विटा होत्या, तळापासून सहा फुटांपर्यंत. तो पुढच्या दाराने घरात शिरला. मधल्या खोलीत सगळं कालच्यासारखं होतं. टेबलावर चष्म्याचं घर, खुंटीला पिशवी. समोर धाकटीच्या खोलीचं दार. ते सताड उघडं होतं, आणि उघडलेल्या चौकटीत भिंत होती. जुन्या विटांची, चुन्याची, खालच्या दोन थरांवर शेवाळ आलेली, वर्षानुवर्षं तिथेच असल्यासारखी. ती चौकटीच्या इकडे, मधल्या खोलीत, चार इंच पुढे आली होती. बोळाचे चार फूट. भिंतीसकट खोलीचे बारा. आणि वर हे चार इंच. सोळा फूट चार इंच; मोजायची गरजच नव्हती.

तो तिथे किती वेळ उभा होता, त्याला सांगता आलं नाही. भानावर आला तो मुलांच्या आवाजाने. मधल्या खोलीच्या पलीकडे स्वयंपाकघर, आणि त्याला लागून शेजारच्या बालवाडीची भिंत. पोरं कोरसात काहीतरी म्हणत होती. गुण्याने फीत काढली. त्या नव्या भिंतीपासून बालवाडीच्या भिंतीपर्यंत मोजलं. श्वास धरून, ओठ आवळून मोजलं, आणि आकडा मनातसुद्धा म्हटला नाही.

कचेरीत त्याने फाईल मागवली. स्वतःच्या हाताने लिहिलेले दहा खोडले, शेजारी सही केली आणि साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. बालवाडी आजच्या आज रिकामी करायला हवी, असं तो म्हणाला. साहेबांनी कारण विचारलं. त्याने बोळाचं सांगितलं, खोलीचं सांगितलं, भिंत आता कुठे उभी आहे ते सांगितलं. हाताचं सांगितलं नाही. साहेब आधी हसले, मग चिडले. खात्याची अब्रू, गोदामवाल्याचे वकील, म्हातारीची नाटकं, असं बरंच बोलून झालं.

"बालवाडीपर्यंत किती उरलंय म्हणता?" शेवटी त्यांनी विचारलं.

गुण्या गप्प राहिला. साहेबांचा आवाज चढला. तोंडात मिठाची गुळणी धरली का, मोजून आलात ना, मग सांगा. बाहेरचे कारकून माना वर करून बघायला लागले. गुण्याला वाटलं, न सांगता निघून जावं. पण आकड्याशिवाय साहेब आदेश काढणार नाहीत, हे त्याला माहीत होतं. आणि खोटा आकडा तो आता लिहिणार नव्हता. त्याने टेबलावरचा कागद ओढला, एका हाताने झाकून दुसऱ्याने आकडा लिहिला, कागदाची घडी घातली आणि पुढे सरकवला.

"मनातल्या मनात वाचा, साहेब," तो म्हणाला. "हात जोडतो. मोठ्याने वाचू नका."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. आयुष्यात हाताखालच्या माणसाने त्यांना असं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी घडी उलगडली, चष्मा नाकावर बसवला, बाहेरच्या कारकुनांनाही ऐकू जावं म्हणून घसा साफ केला, आणि एकेक अक्षर सुटं करून, शाळेत धडा वाचावा तसं, खणखणीत आवाजात वाचलं.